वेदीपाशी ठेवलेली टोपली

बोटींच्या आशीर्वादाच्या रविवारी पाचूबंदरात मासळीचा वास नसतो. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठलेली असते, जाळी बोटीत चढलेली असतात, बर्फ सांगून ठेवलेला असतो. पण फादर धक्क्यावर येऊन पवित्र पाणी शिंपडेपर्यंत कुणी नांगर उचलायचा नाही, ही वाडवडिलांपासूनची रीत. त्यामुळे त्या एका सकाळी गावभर नारळाचा, गुळाचा आणि नव्या रंगाचा वास असतो. सायमनच्या घरात रंगाचा जरा जास्तच. आदल्या दिवशी बोटीचा तांडेल असलेल्या सायमनने बोटीवरचं ‘उर्सुला’ हे नाव स्वतःच्या हाताने नव्याने काढलं होतं, आणि निळी बोटं तशीच घेऊन तो चहाला बसला होता.

बोटीला सासूचं नाव देणारा अख्ख्या बंदरात तो एकटाच. लोकांनी तेव्हा थट्टा करून घेतली होती, की सायमनने सासू पाण्यात सोडली. सायमन म्हणायचा, “सोडली, पन बुडत तरी नाय.” बायकोच्या माहेरी पुरुष माणूस नव्हता, दोन बहिणी आणि त्यांची आई, तेव्हा नाव टिकवायचं ते आपणच, असा त्याचा सरळ हिशोब. असलं काही त्याने तोंडाने कधी बोलून दाखवलं नाही, तो भाग वेगळा.

त्याची बायको मॅग्डलीन ओट्यापाशी अर्पणाची टोपली भरत होती. यंदा मान त्यांच्या बोटीचा होता. मिस्सामध्ये अर्पण घेऊन वेदीपर्यंत जायचं ते मॅग्डलीनने. टोपलीत सुके बोंबील गेले, वेलची केळ्यांची फणी गेली, तांदळाची सांदणं गेली. सगळ्यात वर तिने स्वतः विणलेला जाळ्याचा हातभर तुकडा घडी करून ठेवला. तो घडी करताना जाळं हाताळताना नेहमी थांबायचा तसा तिचा हात जरासा थांबला.

जाळं विणायचं ते दोघींनी. एका टोकाला मॅग्डलीन बसायची, दुसऱ्या टोकाला धाकटी बहीण डेल्फिन, आणि विणत विणत दोघी मधे यायच्या. शेवटच्या गाठीला गुडघ्याला गुडघा लागायचा. मग डेल्फिन म्हणायची, “बाय, आता तू सरक,” आणि कुणीच सरकायचं नाही. नऊ वर्षं झाली, मॅग्डलीन एकाच टोकाकडून विणत होती. जाळं होत होतं, पण मधे कुणी भेटत नव्हतं.

“वैनी, सांदणं किती केलीस गो?” फ्लॉसी विचारत होती. फ्लॉसी सायमनची बहीण. लग्न करून चार घरं पलीकडे गेलेली, पण या घरातल्या प्रत्येक भांड्यावर तिची नजर अजून शाबूत. “अर्पनाला इतकी लागतंत?”

“डब्यात पन भरायची हायत,” मॅग्डलीन म्हणाली.

डबा म्हटल्यावर फ्लॉसीने भुवई उडवली, आणि रेमंडने फोनमध्ये डोकं घातलं. रेमंड हा मॅग्डलीनचा मुलगा, बँकेत नोकरीला. तीन वर्षांपूर्वी तो आणि त्याची बायको अमिषा नायगावला नव्या टॉवरमध्ये राहायला गेले. त्याच टॉवरच्या अकराव्या मजल्यावर त्याची डेल्फिन मावशी राहते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणालाच माहीत नाही असं सगळे वागत होते. सणासुदीला मॅग्डलीन रेमंडकडे दोन डबे द्यायची. “एक तुमाला, एक शेजाऱ्यांना,” एवढंच म्हणायची. कुठले शेजारी, हे त्याने कधी विचारलं नाही.

दुसरा डबा दर वेळी परत यायचा. घासलेला, पुसलेला, आणि रिकामा.

आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतात. डेल्फिनला हे कळत नव्हतं असं नाही. आईने दोघींना एकाच ओट्यावर वाढवलं होतं. तरी डबा आला, की मॅग्डलीन माजघरात एकटी जायची आणि झाकण उघडून बघायची. दर वेळी.

“मम्मी, एक विचारू?” अमिषा फ्रिजपाशी उभी होती. ती नालासोपाऱ्यात वाढलेली, माहेर मूळचं कोकणातलं, हिंदू. लग्नाच्या वेळी बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून ती शुभवर्तमान असं वाचायची, की जणू कुणी तिलाच उद्देशून सांगतंय. जन्मापासून मिस्साला बसणाऱ्यांना ते जरा अवघडच व्हायचं. “हे जे वचन आपल्याला निघालंय, त्याचं तुम्ही काय करता?”

फ्रिजवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. नवीन वर्षाच्या मिस्सानंतर प्रत्येक घराने टोपलीतून एक चिठ्ठी उचलायची आणि त्यावरचं वचन वर्षभर जगायचं, असा त्यांच्या गावाचा परिपाठ. कुणाला सोपं निघतं, कुणाला अवघड. ‘काळजी करू नका’ निघालेला शेजारचा फ्लॉईड वर्षभर आरामात होता. मॅग्डलीनच्या हाताला लागलं होतं ते अर्पणाचं: वेदीपाशी देणगी आणलीस आणि भावाशी बिनसल्याची आठवण झाली, तर देणगी तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, मग ये.

“काय करते म्हंजे?” मॅग्डलीन म्हणाली. “मी तिला कवाच माफ केलंय. रोज ‘आमच्या बापा’ म्हनते तवा तिचं नाव घेऊन माफ करते. आय गेल्यावर महिन्याच्या मिस्साला सगल्या गावासमोर मना बोलली, की सख्ख्या भैनीनं आयचं तोंड दाखवलं नाय. तरी माज्या मनात तिच्याबद्दल काय नाय.”

“पण मम्मी, इथे तसं नाही लिहिलंय.” अमिषाने चिठ्ठीवर बोट ठेवलं. “तुमच्या मनात काही असेल तर, असं नाहीये. भावाच्या मनात तुमच्याबद्दल काही असेल तर, असं आहे.”

सायमनने कप खाली ठेवला.

मॅग्डलीनने चष्मा शोधला, लावला, फ्रिजपाशी गेली. आठ महिने दूध काढता-ठेवता वाचलेली चिठ्ठी तिने पुन्हा वाचली. अक्षरं तीच होती.

“सुनबाई, तू नवीन हायस,” फ्लॉसी फणकारली. “हिच्या आयला पुरलं त्या दिवशी पाऊस किती, तुना काय माईत? खड्ड्यात पानी भरलेलं. मान्सं बालदीनं पानी काढत होती. फादर छत्रीत उभे. डेल्फिन तवा नालासोपाऱ्याला, रस्ता बंद, तिचा फोन लागत नाय. कोनाची वाट बगायची? वैनी ‘पेटी झाका’ बोलली, त्यात तिची काय चूक?”

“चूक आहे असं मी कुठे म्हटलं, आते?”

“मग बोलतंस कनाला?”

“बास,” सायमन म्हणाला. “आज बोटीचा दिवस हाय. ह्यो विषय आज नको.”

रेमंड आईकडे बघत होता. तो उठून अमिषाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मॅग्डलीनने ते पाहिलं. तिने चष्मा काढला, टोपलीवर कोरा रुमाल टाकला आणि म्हणाली, “चला. घंटा होईल.”

चर्चचं देऊळ गच्च भरलं होतं. धक्क्यावरच्या सगळ्या बोटींची माणसं नव्या कपड्यांत, बायका लाल लुगड्यांत, केसांत अबोली. मॅग्डलीन पहिल्या बाकावर टोपली मांडीवर घेऊन बसली होती. फादर काय प्रवचन करत होते ते तिच्या कानावरून जात होतं. तिला दिसत होती ती आई, शवपेटीतली.

झाका असं ती म्हणाली होती. ते खरं. पाऊस होता, पाणी होतं, फ्लॉसी कानाशी ‘किती वेल, किती वेल’ करत होती, हेही खरं. पण आणखी एक गोष्ट होती, जी तिने नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. आईचा डावा डोळा पुरता मिटला नव्हता. मॅग्डलीनने दोनदा हाताने मिटवला, दोनदा तो किंचित उघडला. आई कबरस्तानाच्या फाटकाकडे बघतेय असं तिला वाटलं आणि ते तिला सोसवेना. म्हणून ती घाईने म्हणाली, झाका. पहिली माती पडली तेव्हा डेल्फिन कमरेपर्यंत भिजून फाटकातून धावत आली. ओरडली नाही, रडली नाही. फक्त बहिणीकडे बघितलं.

माफ केलं, माफ केलं, असं आपण नऊ वर्षं कुणाला सांगत होतो, असं मॅग्डलीनला वाटलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली. लाजेच्या खालून मात्र दुसरंच काहीतरी वर आलं. डेल्फिन हवी होती. माफी, समेट, वचन, सगळं राहू दे बाजूला; तिला तिची बहीण हवी होती. गुडघ्याला लागणारा तिचा गुडघा हवा होता.

कॉयरने अर्पणाचं गाणं उचललं. मॅग्डलीन उठली. तिच्या मागे सायमन नवं वल्हं घेऊन, त्याच्या मागे पाव आणि द्राक्षारस घेऊन रेमंड आणि अमिषा. मधल्या वाटेने ती नीट चालत गेली, वेदीच्या पायरीपर्यंत. फादरांनी हात पुढे केले.

मॅग्डलीनने टोपली त्यांच्या हातात दिली नाही. वाकून पायरीवर ठेवली.

“मॅग्डलीनबाय?” फादर खाली झुकले. तरुण होते, गावात नवे होते. “बरं वाटत नाही का?”

“बरी हाय, फादर. टोपली हितं ठेवते. माझी भैन नायगावला हाय. जाऊन येते.”

ती वळली. पुढे सायमन, हातात वल्हं, तोंड उघडं. सगळं गाव बाकांवरून माना वळवून बघत होतं. कॉयरचं गाणं एका बाजूने अडखळलं, पेटी तेवढी चालू राहिली. फादर क्षणभर तसेच उभे होते. मग त्यांनी स्वतः ती टोपली उचलली, कुणाचा पाय लागू नये म्हणून वेदीच्या कडेला सरकवून ठेवली, आणि पाव-द्राक्षारस घ्यायला अमिषाकडे हात पुढे केले.

धक्क्यावर सायमनने तिला गाठलं. वल्हं अजून हातातच होतं.

“डोकं फिरलंय का तुजं? सगल्या गावासमोर! इतक्या वर्सांनी मान मिलतो!”

“मिलतो,” मॅग्डलीन म्हणाली. “पन तो घेऊन मी तिकडं उभी राहू शकत नव्हते. तुमी जा आत.”

“आनि तू?”

“रिक्षा बगते.”

रिक्षा कुठली मिळायला. रिक्षावाले सगळे मिस्सात. रेमंड धावत आला, “मम्मी, मी गाडी काढतो,” म्हणाला, आणि मग त्यालाच आठवलं की मिरवणुकीचा मांडव रस्त्यात आहे आणि त्याच्या पलीकडे बँडवाल्यांचा टेम्पो. त्याच्या मागून अमिषा आली, आणि तिच्याही मागून लुगडं सावरत फ्लॉसी. ती नक्की भांडायला आली आहे असं सगळ्यांना वाटलं.

सायमन पाण्याकडे बघत होता. भरती लागली होती. किल्ल्याच्या तटापर्यंत पाणी आलं होतं आणि ‘उर्सुला’ दोरीला ओढ देत होती.

“खाडीनं अर्ध्या तासात नायगाव,” तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला.

“पपा, अजून आशीर्वाद नाही झाला,” रेमंड म्हणाला. “तुम्हीच तर...”

“मना शिकवू नको. चालीस वर्सं मी आशीर्वादाआधी नांगर उचलला नाय.” सायमनने वल्हं बोटीत टाकलं. “पन बोट उर्सुलाची हाय. उर्सुलाची पोर आनाया चाललीय. म्हातारी काय बुडवंल आपल्याला?”

दोरी सोडायला तो वाकणार, तोवर फ्लॉसीच वाकली. ओली गाठ नखांनी सोडवत, वर न बघता ती म्हणाली, “वैनी, त्या दिवशी घाई मी पन केलेली. ते पन सांग तिला.”

फ्लॉसी धक्क्यावरच राहिली, बाकी चौघं बोटीत चढले आणि इंजिन धडधडत सुरू झालं. देवळातून गाण्याचा आवाज येत होता, मग कमी झाला. खाडीच्या दोन्ही काठांना तिवरं, पलीकडे मिठागरं, आणि त्यांच्या डोक्यावर नायगावचे टॉवर. रेमंडने मावशीला फोन लावला. “मावशी, मम्मी येतेय. बोटीने. जेट्टीवर ये,” एवढं बोलला, आणि फोन कानापासून दूर धरून बघत राहिला.

“कापला?” सायमनने विचारलं.

“हो.”

मॅग्डलीन पुढे दोरखंडावर बसली होती. अमिषाला तिने जवळ बोलावलं. नऊ वर्षांत तोंडातून न निघालेला प्रश्न तिने विचारला. “कशी हाय गो ती?”

“बऱ्या आहेत. गुडघे दुखतात.” अमिषाने टॉवरकडे बोट केलं. “संध्याकाळी खिडकीत बसतात, मम्मी. आपल्या बाजूच्या. टीव्ही लावत नाहीत. मी एकदा म्हटलं, मावशी, काय बघता एवढं? तर म्हणाल्या, बोटी.”

मॅग्डलीनने पदर तोंडाला लावला आणि पाण्याकडे बघत बसली.

नायगावच्या जेट्टीवर कुणीच नव्हतं. सायमनने बोट लावली. मॅग्डलीन उतरली, पायऱ्यांवरच्या चिखलात लाल लुगड्याचा काठ बुडला. आपणच अकरा मजले चढून जायचं असं ठरवून ती चालू लागली, तेव्हा वरच्या पायरीवर डेल्फिन दिसली. केस पांढरे झाले होते. घरातल्याच गाऊनवर ओढणी घेतलेली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. हातात मॅग्डलीनचा मागच्या सणाचा डबा.

दोघी उभ्या राहिल्या. मधे पाच-सहा पायऱ्या.

“कनाला आयलीस?” डेल्फिन म्हणाली.

“झाका असं मी बोलली,” मॅग्डलीन म्हणाली. येताना जमवलेलं बाकीचं सगळं तिच्या डोक्यातून गेलं. “पावसानं नाय, फादरनं नाय. मी.”

“ते मना माईत हाय.”

“तुना राग हाय. बरोबर हाय.”

“माफी मागाया आयलीस?”

“नाय गो. माफ कर नायतर नको करू. नऊ वर्सं मी तुना बोलूच दिलं नाय. आज तू बोल. मी ऐकाया आयले.”

डेल्फिनने डबा पुढे केला. मॅग्डलीन दोन पायऱ्या चढली आणि तिने तो घेतला. हलका होता. रिकामाच होता.

“काय घालू त्यात?” डेल्फिन म्हणाली. “हर टायमाला वाटतं कायतरी घालावं. साखर घेते हातात. मग वाटतं, तू तिला बगितलंस, मी नाय बगितलं. मना आयचं तोंड आठवत नाय, बाय. शेवटचं आठवतं ते झाकन.”

मॅग्डलीन वर चढली. बहिणीच्या दंडाला धरून तिने तिला पायरीवर बसवलं आणि शेजारी बसली. खाली बोटीत सायमन इंजिनकडे बघायचं नाटक करत होता.

“सांग,” डेल्फिन म्हणाली. “कसं होतं?”

मग मॅग्डलीन सांगू लागली. केस तिने स्वतः विंचरले होते, मधोमध भांग, आईला आवडायचा तसा. कपाळ गार होतं पण आठी नव्हती. नाकातली चमकी काढली नव्हती. ओठ मिटलेले, उजवीकडे जरासे वर, तू बारकी असताना खोटं बोलायचीस आणि तिला हसू यायचं तसे. हनुवटीखाली रुमाल बांधला होता, तो मी झाकायच्या आधी सोडला. गालावर पावडर लावली फ्लॉसीनं, ती जास्त झाली, मी पदरानं पुसली. हातात जपमाळ. डाव्या हाताच्या बोटाला जाळ्याच्या सुईचा तो जुना वण. डेल्फिन डोळे मिटून ऐकत होती, आणि मधे मधे विचारत होती, कुठला पदर, कुठलं लुगडं, कानात काय होतं. मॅग्डलीन एकेक सांगत होती. नऊ वर्षं तिने ते कुणाला दिलं नव्हतं, आणि आता सगळं जसंच्या तसं निघत होतं.

“आनि डोले?” डेल्फिनने विचारलं. “मिटलेले होते?”

मॅग्डलीनने डबा मांडीवर घट्ट धरला.

“एक नव्हता,” ती म्हणाली. “डावा. मी दोनदा मिटवला. परत उघडला. फाटकाकडं बगत होती. मना बगवलं नाय गो, म्हनून मी झाका बोलली. हे मी कोनाला सांगितलं नाय.”

डेल्फिनने डोळे उघडले. खाडीवर ‘उर्सुला’ हलत होती, ताजं निळं नाव पाण्यात थरथरत होतं. तिने ओढणी सावरली. आता ही उठून जाईल, असं मॅग्डलीनला वाटलं.

“म्हंजे दिसलं असंल तिला,” डेल्फिन म्हणाली.

“काय?”

“मी आयलेली.”

“झाकन होतं गो वर.”

“आयला झाकन काय करतंय,” डेल्फिन म्हणाली, आणि सरकून बसली, गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत.